आभाळापासून पाताळापर्यंत

जमिनीचा कागद कसा लिहितात ते आधी सांगतो, म्हणजे माझी फजिती कशी झाली ते पुढे नीट कळेल. आधी लिहून देणाऱ्याचं नाव, वय, धंदा, राहणार कुठला. मग लिहून घेणाऱ्याचं. मग गट नंबर आणि आराजी, म्हणजे क्षेत्रफळ. मग चतुःसीमा, म्हणजे पूर्वेस कोणाचं वावर, पश्चिमेस कोणाचं, दक्षिणेस नाला, उत्तरेस पांदण. आणि शेवटी ती ओळ, जी आमच्या धंद्यातला प्रत्येक जण डोळे मिटून लिहितो: सदर जमीन त्यातील जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह दरोबस्त दिली असे. पाणी गेलं, झाड गेलं, गवत, लाकूड, दगड, आजोबांनी कुठे हंडा पुरला असेल तर तोही गेला. दरोबस्त म्हणजे मागे काही न ठेवता.

आर्णीला तहसीलीच्या आवारात टिनाच्या शेडखाली मी सदतीस वर्षं अर्जनवीस होतो. अर्जनवीस म्हणजे वकील नाही, कारकून नाही आणि सरकारी माणूस तर मुळीच नाही. परवाना सरकारचा, टेबल आपलं, आणि ऊन-पाऊस दोघांचा. लोक येतात, आपलं गाऱ्हाणं बोलीत सांगतात, आम्ही ते कचेरीच्या भाषेत बसवतो. वारसाचा अर्ज, वाटणीपत्र, भाडेपट्टा, बक्षीसपत्र, बैल चोरीला गेल्याची फिर्याद, सगळं एकाच टाइपरायटरवर. पुढे कॉम्प्युटर आला, नोंदणी ऑनलाइन झाली, तरी माणसं टेबलाशीच येत राहिली. कारण कॉम्प्युटरला "तुमीच सांगा जी कसं लिहाचं" असं म्हणता येत नाही.

मला हा धंदा नत्थूजींनी शिकवला. ते जुने अर्जनवीस, धोतर आणि काळी टोपी. त्यांनी मला एकच गोष्ट बजावली होती. "देवराव, पार्टीनं सांगतलं तेवढंच लिहाचं. आपल्या पदरचा एक शबुद घालाचा नाई." मी ती सदतीस वर्षं पाळली, एका ओळीचा अपवाद सोडून.

त्या ओळीवरच ही सगळी कथा आहे, म्हणून तिची जन्मकथा सांगतो. धंद्यात नवा होतो, हातात जोर होता, आणि निधी-निक्षेपावर कागद संपतो तेव्हा मला तो मध्येच तुटल्यासारखा वाटायचा. एकदा कीर्तनात बुवांच्या तोंडून ऐकलं, "आभाळापासून पाताळापर्यंत". दुसऱ्या दिवशी एका खरेदीखतात ते घालून पाहिलं: "आभाळापासून पाताळापर्यंतच्या सर्व हक्कांसह दरोबस्त दिली असे." काय शोभा आली कागदाला! घेणाऱ्याने वाचून घेतलं आणि खुर्चीत ताठ बसला. तेव्हापासून ती ओळ माझी झाली. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत कागद उघडला की बाबू म्हणायचे, हा देवरावचा. नत्थूजींना ती आवडली नव्हती. "आभाळ कायले देतं बापा, थे का त्याचं हाय?" असं एकदा म्हणाले आणि पान चघळत बसले. मी हसण्यावारी नेलं. आभाळ मागायला येणार कोण होतं?

उन्हाचा मात्र एक कागद मी आधी लिहिला होता. महागावकडचे दोघे भाऊ वाटणीपत्र करायला आले. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक चिंच, ती थोरल्याच्या हिश्श्यात. धाकटा म्हणाला, "काका, चिंच दादाची, मंग सावली माया तुरीवर कायले? सावली बी त्याच्याच हिश्श्यात लिहा." शेडखाली हशा झाला. पण धाकट्याच्या डोळ्यात पाणी होतं, दोन वर्षं त्याची त्या बाजूची तूर फुलोऱ्यावर आलीच नव्हती. मग मी लिहिलं, धाकट्याच्या बाजूच्या फांद्या थोरल्याने दरवर्षी पेरणीआधी छाटाव्यात. तो कागद आजही चालतो. तेव्हा मला वाटलं, देवराव, तू उन्हाचीही वाटणी केलीस, आता आणखी काय राहिलं!

राहिलं होतं ते असं.

आर्णीहून महागावकडे जाताना रस्त्यापासून आत बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथली झमकूबाई. सगळा तांडा तिला याडी म्हणतो, म्हणजे आई, आणि पुढे मीही तेच म्हणू लागलो. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी सासरी, आणि ही सत्तरीतही दंडापर्यंत बलिया, म्हणजे बांगड्या, घालून, कमरेला मोबाईल खोचून स्वतः वाही, म्हणजे शेती, करते. तिची सहा एकर बरड आणि बरडाच्या पलीकडे तीन एकर काळी, विहिरीची. बरड म्हणजे गोट्यांचं माळरान, पिकत काही नाही. सोलरच्या प्लेटा लावणारी एक कंपनी तालुक्यात आली तेव्हा तिने ती बरड एकोणतीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. मसुदा कंपनीने इंग्रजीत पाठवला, मी त्याचं मराठी केलं. नोंदणी मराठीची झाली. आणि हात सवयीने चालला, शेवटी माझी ओळ गेली. इंग्रजीत ती नव्हती. ती मी घातली, फुकट.

कंपनीने अर्ध्या बरडावर प्लेटा लावल्या, अर्धी मोकळी पडून राहिली. त्या मोकळ्या भागातून याडीची गाडवाट, म्हणजे बैलगाडीची वाट, तिच्या काळ्या वावरात जायची. त्याची नोंद कुठेच नव्हती, कारण तेव्हा गरज कोणालाच वाटली नाही.

चार-पाच वर्षांनी एक तरुण वकीलबाई माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. मृणाल मॅडम. दुसऱ्याच एका कंपनीच्या. चेहरा उन्हाने लाल, पायात बूट, हातात माझाच भाडेपट्टा. म्हणाल्या, "काका, हा तुम्ही लिहिलात? तुमचे आभार मानायला आले."

आभार! अर्जनवीसाचे! मी खुर्ची पुसून दिली.

त्यांनी मग जे सांगितलं ते मला दोन चहा लागले तेव्हा समजलं. त्यांच्या कंपनीला अंतराळातलं ऊन खाली आणायचं होतं. वर, ढगांच्या कितीतरी पलीकडे, उपग्रहाला मोठाल्या प्लेटा लावायच्या. तिथे ढग नाहीत, पावसाळा नाही, रात्र असून नसल्यासारखी. तिथल्या उन्हाची वीज करायची, विजेची लहर करायची, आपल्या मोबाईलला येते तसल्या जातीची, पण नेम धरून सोडलेली. खाली जमिनीवर तारांची अवाढव्य जाळी अंथरायची, ती लहर धरते आणि पुन्हा वीज करते. उपग्रह अजून वर गेलेला नव्हता, जायला अवकाश होता. आधी दोरीने बांधलेल्या मोठ्या फुग्यावरून लहर सोडून जाळीची परीक्षा घ्यायची होती. त्यासाठी त्यांना सपाट, गोट्यांची, विरळ वस्तीची जागा हवी होती, शेजारी वीज नेणारी लाईन असलेली. पहिल्या कंपनीची रिकामी पडलेली अर्धी बरड अगदी तशी होती. ती त्यांनी पोटभाड्याने घ्यायचं ठरवलं होतं.

"पण भाडेपट्टा तर फक्त सोलरच्या प्लेटांसाठी होता," मी म्हटलं.

"तीच तर अडचण होती. जमिनीवर पडणाऱ्या उन्हासाठी घेतलेली जागा, वरून लहर उतरवायला कशी वापरायची? बाईंची नवी संमती लागली असती. पण तुमची ही ओळ आहे ना! आभाळापासून पाताळापर्यंतच्या सर्व हक्कांसह. इतका व्यापक शब्द मी एकाही करारात पाहिला नाही. नव्या संमतीची गरजच उरली नाही."

खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. त्या दिवशी शेडखाली मी सगळ्यांना चहा पाजला. माझी ओळ अंतराळापर्यंत पोचली होती.

आठवडाभराने याडी आली. खताच्या पिशवीत भाडेपट्ट्याची झेरॉक्स. ती टेबलावर ठेवली आणि समोर बसली.

"देवराव, बरडावर खांब रोवून राह्यले. म्हंते, मशीन चालू राह्यली का कोनी आत जाचं नाई, गाय बी नाई. माही गाडवाट बंद. माह्या वावरात म्या जाऊ कुठून? अन वरून काही पडलं त कोनाले सांगू? थे म्हंते, तुमीच लिहून देल्लं. म्या त असं काही नाई देल्लं बापा. तूनं लिहलं, तूच वाच."

मी वाचायला लागलो. चतुःसीमेपर्यंत आवाज ठणठणीत होता. शेवटच्या ओळीवर आलो आणि तो आपोआप खाली गेला.

"हे म्या सांगतलं होतं का?" तिने विचारलं.

"नाही."

"कंपनीनं?"

"नाही, याडी."

"मंग कोनं?"

मी म्हटलं, "मी."

"काहून?"

इतक्या वर्षांत मला इतका साधा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि इतकं लाजिरवाणं उत्तर मी कोणाला दिलं नव्हतं. "चांगलं दिसते म्हणून," मी म्हटलं.

"चांगलं दिसाले माहं आभाळ देल्लं?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी शरमेने मेल्यासारखा झालो. त्या तीन एकरांवर तिचं पोट होतं. विहीर तिथे, कापूस तिथे, गाय तिथेच चरायची. दुसऱ्या बाजूने नाला आणि लोकांची वावरं, दुसरी वाट नाही. मला नत्थूजी आठवले, पान चघळणारे. याडीने पिशवी घडी करून मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "चहा सांग आता. तुले लिहता येते त तुलेच खोडता यीन."

खोडणं तितकं सोपं नसतं. नोंदवलेल्या कागदातला शब्द खोडायचा तर चूक दुरुस्ती पत्र करावं लागतं आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात. ज्याला चुकीचा फायदा झाला तो कशाला सही करील? आणि चूक कोणाची, कशी झाली, हे कोणीतरी शपथेवर लिहून द्यावं लागणार होतं. म्हणजे मी. परवान्यावर गदा येऊ शकली असती. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. त्या रात्री जेवण गेलं नाही, पण सकाळी मी मृणाल मॅडमना फोन केला आणि सरळ सांगितलं, "मॅडम, ती ओळ माझी हौस आहे. त्या बाईची इच्छा नाही."

त्या म्हणाल्या, "काका, हे तुम्ही मला सांगायला नको होतं." आणि मग, "मी उद्या तांड्यावर येते."

त्यांना न येताही चाललं असतं. हे मी आजही विसरलो नाही.

तांड्यात मोठी गोष्ट नायकासमोर, म्हणजे तांड्याच्या प्रमुखासमोर, बसल्याशिवाय ठरत नाही. आमचा नायक लालसिंग, याडीचा दीर. आयुष्यभर नागपूर-हैदराबाद ट्रक चालवून आता घरी बसलेला. त्याच्या ओट्यासमोर दुपारी चटया पडल्या. मृणाल मॅडम खाली मांडी घालून बसल्या, मी त्यांच्या मागे, जमेल तितका दडून.

लालसिंग म्हणाला, "मॅडम, आधी कायदा सांगा. आभाळ कोनाचं?"

त्यांनी फार छान समजावून सांगितलं. वर अंतराळ कोणत्याच देशाचं नाही, ते सगळ्या माणसांचं, असा देशादेशांचा करार आहे. तिथे कोणाला सातबारा करता येत नाही. ऊन घेता येतं, जागा घेता येत नाही. लहरीला परवाना लागतो, उपग्रहाला परवाना लागतो, विजेला लागतो, जमिनीला लागतो, आणि प्रत्येकाची कचेरी वेगळी आहे.

"अन माह्या वावरात पडलं त?" याडी म्हणाली. "कोन्या कचेरीत जाऊ?"

मॅडमनी ओढणीने घाम पुसला. "दुसऱ्या देशाने सोडलेल्या वस्तूने इथे नुकसान केलं, तर आपलं सरकार त्या सरकारकडून भरपाई मागू शकतं. तो करार आहे. पण आपल्याच देशाच्या वस्तूने आपल्याच माणसाचं नुकसान केलं, तर तो करार लागत नाही. त्यासाठी आपला कायदा लागेल, आणि अंतराळाचा वेगळा कायदा आपल्याकडे अजून व्हायचा आहे."

"म्हंजे परदेशातलं पडलं त बरं," याडी म्हणाली. मॅडमसकट सगळे हसले. पण मला वाटतं, आपल्या तोंडून काय गेलं ते मॅडमनी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

मग लालसिंगने सुपारी कातरता कातरता विचारायला सुरुवात केली. "मॅडम, हा माल कोनाचा?"

"माल? म्हणजे... सूर्याचा म्हणा."

"गाडी कोनाची?"

"कंपनीची."

"उतरवनार कुठं?"

"जाळीत."

"अन रस्ता?"

लालसिंगने हात करून बरडाकडे दाखवलं. "रस्ता आमच्या याडीच्या डोक्यावरून. मंग बिल्टी दाखवा."

बिल्टी म्हणजे ट्रकवाल्याचा कागद. माल कुठे भरला, कुठे उतरायचा, आणि मधल्या वाटेत जिम्मा कोणाचा. लालसिंग म्हणाला, "म्या तीस साल गाडी चालवली. माल चढला का उतरेपर्यंत जिम्मा गाडीवाल्याचा. रस्त्यात सांडला त रस्तेवाला नाई भरून देत. माहा बाप बैलावर लदेणी ने, त्याचा बी हाच कायदा. अंतराळाचा कायदा नसन झाला अजून, पन ढोवनाऱ्याचा त हाय."

लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलखामुलखांतून नेणं. तांड्यातल्या सगळ्यांच्या मागे तीच परंपरा. मृणाल मॅडमनी वही काढली आणि लिहायला लागल्या. मी सदतीस वर्षं कायद्याची भाषा टाइप केली, पण कायदा असा ओट्यावर जन्मताना मी कधी पाहिला नव्हता.

मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या, "सुरक्षा आमचीच जबाबदारी, तसं लिहू. आणि लहर जाळीवरून जरा हलली की यंत्र आपोआप बंद होतं. माणसाने काही करायची गरज नाही."

तेव्हा याडी बोलली. तिचा आवाज बारीक होता, म्हणून सगळे पुढे झुकले.

"माही आजीसासू सांगे. लदेणी निंघाली का पुढं नायक, मंधात बैल, अन सगळ्याईच्या मांगं एक बाई. म्हातारी असो का जवान. तिनं हाक मारली का पुरा तांडा उभा राहे. नायक बी नाई इचारे, काहून म्हून. आंधी थांबाचं, मंग इचाराचं. कायले का, गोनी फाटली त मांगच्यालेच दिसते, पुढच्याले नाई दिसत. तुमचं मशीन थांबत असन बाई. पन माही गाय तिकडं गेली, थे त्याले कसं कळन? म्या मांगं हाव. मले दिसन."

मॅडमनी पेन खाली ठेवला. "याडी," त्याही आता याडी म्हणाल्या, "थांबवायचा हक्क तुम्हाला पाहिजे?"

"हाव."

"कारण न सांगता?"

"मंग सांगन. आंधी थांबा."

तो कागद मी लिहिला. मॅडमनी मसुदा सांगितला, मी मराठी बसवलं, आणि प्रत्येक ओळीनंतर विचारलं, "याडी, हे तुम्ही सांगितलं ना?" त्यात गाडवाट आली, तिची रुंदी आली. चाचणीची वेळ आदल्या दिवशी घरी येऊन सांगायची हे आलं. लहर वरून निघाल्यापासून जाळीच्या तारेत पडेपर्यंत वाटेत जे होईल त्याची जबाबदारी कंपनीची, मग कायदा पुढे कसाही होवो, हे आलं. आणि शेवटी: जमीनधारकाने तोंडी, फोनवर अथवा हात वर करून थांबवण्यास सांगितल्यास कंपनीने आधी थांबवावे व नंतर कारण विचारावे. इतका सरळ शब्द माझ्या हातून कोणत्याच कागदात गेलेला नव्हता.

कंपनीच्या मुख्य कचेरीला ही शेवटची अट अजिबात मान्य नव्हती. कोणीही म्हातारी उठून प्रकल्प बंद पाडेल, असं तिथल्या कोणीतरी म्हटल्याचं कानावर आलं. मॅडम तिथे कित्येक आठवडे भांडत राहिल्या. काय बोलल्या ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही. फक्त एकदा फोनवर म्हणाल्या, "काका, मी त्यांना म्हटलं, उद्या कोर्टात उभं राहायचं तर मी याडीच्या अटीवर उभी राहीन, तुमच्या त्या आभाळाच्या ओळीवर नाही." शेवटी ती अट राहिली, आणि पहिल्या कंपनीची दुरुस्तीवरची सहीसुद्धा त्यांनीच मिळवून आणली.

माझं शपथपत्र मी स्वतःच टाइप केलं. "सदर शब्द मी माझ्या मनाने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, केवळ कागद चांगला दिसावा म्हणून घातले." दुय्यम निबंधकसाहेबांनी ते वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "देवरावजी, लोक इथे दुसऱ्याची चूक नोंदवायला येतात." परवान्याबद्दल ते काही बोलले नाहीत. मी त्यांचाही ऋणी आहे. शेडखाली मात्र महिनाभर माझी पुरती धुलाई झाली. कोणी आलं की शेजारचे म्हणायचे, "देवरावभाऊकडे जा, थे तुमाले चंद्र बी लिहून देतीन." दोन-तीन जुने ग्राहक आपापले कागद घेऊन आले, ती ओळ आहे का पाहायला. होती. मुकुटबनकडचा एक जण तर इतकी लांबची वाट तुडवून आला. प्रत्येकाला मी खरं सांगितलं. जे आले नाहीत त्यांचे कागद कुठे कुठे ट्रंकांत पडून असतील, त्याची टोचणी अजून आहे. ती राहीलही.

त्या वर्षी मी निवृत्त झालो. आणि गेल्या हिवाळ्यात, दुपारी, बरडावर पहिली चाचणी झाली.

मलाही बोलावलं होतं. मांडव, खुर्च्या, यवतमाळहून आलेले साहेब लोक, गळ्यात पट्टे अडकवलेले इंजिनियर. वर पांढरा फुगा, खाली चकचकीत तारांची जाळी, आणि जाळीच्या कडेला बल्बांची एक माळ. याडी मांडवात बसली नाही. ती सगळ्यांच्या मागे, आपल्या गाडवाटेच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

कोणीतरी उलटे आकडे मोजले. काही आवाज नाही, उजेड नाही, काहीच दिसलं नाही. आणि माळेतले बल्ब लागले. भर दुपारी, पिवळे, मिणमिणते. टाळ्या वाजल्या. मृणाल मॅडम पुढे उभ्या होत्या, त्यांनी डोळे पुसलेले मला दिसले. साहेब भाषणाला उठले.

तेवढ्यात याडी उभी राहिली. हात वर केला आणि त्या बारीक आवाजात जेवढा जोर होता तेवढा लावून ओरडली, "थांबवा!"

साहेब वळून पाहायला लागले. इंजिनियरने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी फक्त मान हलवली. त्याने बटण दाबलं. बल्ब गेले.

मग सगळे धावत आले. काय झालं, याडी? गाय गेली का आत? चटका बसला? डोकं दुखते? मॅडम सगळ्यांत पुढे, धापा टाकत. याडीने पदर सारखा केला आणि खाली बसली.

"कांयी छेनी," ती म्हणाली. म्हणजे काही नाही.

"मग थांबवलं का?"

"लिहलं थे खरं हाय का, थे पाह्यलं." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "देवराव, तुयं लिहलं चालते." आणि इंजिनियरकडे हात करून म्हणाली, "करा आता सुरू."

बल्ब पुन्हा लागले. साहेबांनी भाषण पुन्हा सुरू केलं. मी त्यातलं काहीच ऐकलं नाही. सदतीस वर्षं मी कागद लिहिले. ते गठ्ठ्यात गेले, कोर्टात गेले, उंदरांनी खाल्ले. पण लिहिलेला शब्द माझ्या डोळ्यांदेखत उठून काम करताना मी त्या एका दुपारीच पाहिला. आणि ते काम माझ्या हौशी ओळीने नाही, तिच्या साध्या ओळीने केलं. मला तिथल्या तिथे तिच्या पाया पडायचं होतं. साहेब लोक होते, लाजलो. परत निघताना नुसतं "येतो याडी" म्हणालो.

ते राहिलेलं काम आज या दिवाळी अंकात करतो, मला येतं त्या रीतीने.

लिहून देणार: मी, देवराव, वय अडुसष्ट, धंदा पूर्वी अर्जनवीस, राहणार आर्णी. लिहून घेणार: झमकूबाई, धंदा शेती, राहणार तांडा. चतुःसीमा: पूर्वेस तिची विहीर, पश्चिमेस महागावचा रस्ता, दक्षिणेस नाला, उत्तरेस सोलरच्या प्लेटा. कारणे आभारपत्र लिहून देतो की, माझी चूक तुम्ही मला स्वतःच्या हाताने खोडू दिली आणि वर चहा घेतला, त्याबद्दल माझ्याकडे असलेली सगळी कृतज्ञता मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, आणि या वेळी माझ्याच सांगण्यावरून, तुम्हाला आभाळापासून पाताळापर्यंत दरोबस्त दिली असे.